रिकाम्या खुर्चीपुढचं घड्याळ

कमला लांजेवारचा दिवस पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी सुरू व्हायचा. ही वेळ तिनं अनुभवानं ठरवली होती. चारला उठलं तर पहिली वीस मिनिटं नुसती बसण्यात जायची. साडेचारला उठलं तर पोळ्या तव्यावर असतानाच निघायची वेळ व्हायची. गजर तिला लागत नसे.

भिलाई-तीनच्या रेल्वे वसाहतीत तिचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. नवरा नरेश गोंदियाकडचा, रेल्वेचे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधला. काविळीनं तो गेला तेव्हा मुलगी प्रणिता चार वर्षांची होती. त्याच्या जागी कमलाला नोकरी मिळाली. ऑफिसात पाणी देण्याचं, फायली हलवण्याचं काम बघू का, असं साहेबांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "त्याईचं जे होतं तेच द्या." पाच वर्षं तिनं गँगमध्ये गिट्टी उपसली. मग कीमॅनचं काम मागून घेतलं. तेव्हापासून लाइनीवरचे लोक तिला 'कीमॅन बाई' म्हणत.

कीमॅनचं काम सांगायला सोपं आहे. आपल्या हद्दीतला रूळ, म्हणजे आपली 'बीट', रोज पायी चालून पाहायचा. खांद्यावर हातोडा, हातात झेंड्या, पिशवीत रुळाला धरून ठेवणाऱ्या क्लिपा. ढिली दिसली की ठोकायची, निघालेली बसवायची. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्यावर. त्यामुळे 'येताना पाहू' असं या कामात म्हणता येत नाही. येताना नजर दुसरीकडे असते, आणि ढिली राहिलेली क्लिप तशीच राहते.

हाच कायदा तिनं घरातही लावला होता. चप्पल वाकडी, ताट तिरकं, भिंतीवरचं कॅलेंडर कललेलं, काहीही दिसलं की ती म्हणायची, "सरळ कर. आत्ता. मंग म्हणून ठेवलं ते राह्यलंच समज." प्रणिता चौथीत होती तेव्हापासून हे ऐकत होती. ती वाकड्या चपलेवरून ओलांडून जाऊ शकत नसे. आईसारखाच तिचा हात आपोआप पुढं जाई. याच सवयीनं पुढं घात केला.

बुद्धिबळ प्रणिताला हरिभाऊंनी शिकवलं. हरिभाऊ भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रिगर, म्हणजे अवजड यंत्रं दोरखंडानं उचलणारे कामगार, म्हणून निवृत्त झाले होते. डाव्या हाताची दोन बोटं नोकरीत गेलेली. वसाहतीमागच्या गल्लीत त्यांच्या व्हरांड्यात रोज दुपारी साडेतीनला चार पट मांडले जात. फी नाही. उशीर झाला तर दार बंद. पहिल्या वर्षी बारा मुली येत होत्या. सहावीत आठ उरल्या, सातवीत पाच. उन्नती नावाची एक मुलगी होती, प्रणिताच्या बरोबरीची, हाताला चलाख. तीही आठवीच्या सुट्टीनंतर आली नाही. नववीत प्रणिता एकटी राहिली. मुलगे चौदा.

"बाकीच्या हारल्या म्हणून गेल्या का?" कमलानं एकदा विचारलं होतं.

"हारून कोणी जात नाही, बाई," हरिभाऊ म्हणाले. "पोट्टे का कमी हारतात? पोरी एकल्या पडून सुटतात. एक सुटली का दुसरीले वाटते, आता मीच कावून? तुमची किती दिवस टिकते पाहू."

त्या शेवटच्या वाक्याचा कमलाला राग आला. पण माणूस खोटं बोलत नव्हता.

घरात बोलणारे आणखी एक होते. नरेशचे थोरले भाऊ शामराव. दुर्गला मोहन नगरात राहायचे, कचेरीत बाबू होते. महिन्यातून एकदा येत आणि खुर्चीवर बसत. कमला भासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नसे. पाट घेऊन दाराशी टेके. तिच्या माहेरी, सासरी असंच होतं, आणि तिनं ते कधी मोडलं नव्हतं. रुळावर सोळा जणांच्या गँगला ओरडून बाजूला करणारी बाई घरात पाटावर बसायची.

"प्रणिताची आई," शामराव म्हणायचे, "पुढच्या साली दहावी. पोरगी मोठी होऊन राहिली. पोट्ट्यायच्या समोर तीन-तीन घंटे बसते. कोण कशाले पाह्यते ते आपल्याले थोडीच समजते?"

"ती पटाकडे पाह्यते, भाऊजी."

"ती पाह्यते. ते?"

कमला पाटावरून उठून चहा ठेवायला जाई. मग शामरावच म्हणत, "खेळू द्या. पण कुठंतरी थांबा आता."

नोव्हेंबरात दुर्गला एका समाजभवनात स्पर्धा होती. शनिवार-रविवार, दिवसाला तीन फेऱ्या. अठ्ठावन्न खेळाडू. मुली तीन, त्यातल्या दोन आठ-नऊ वर्षांच्या, आयांच्या ओढणीला धरून आलेल्या. हरिभाऊंनी प्रणिताला सकाळी नेलं. कमला बीट संपवून, नारिंगी जाकीट पिशवीत कोंबून मेमू लोकलनं पोचली, तेव्हा प्रणिता दोन डाव जिंकून तिसऱ्याला बसली होती. पालकांना आत बंदी. कमला व्हरांड्यातल्या खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली.

प्रणितासमोर रूपेश म्हणून कॉलेजचा मुलगा होता. मागल्या वर्षीचा दुसरा नंबर. कमलाला डाव कळत नव्हता, सोंगट्या कशा चालतात तेवढंच ठाऊक होतं. पण माणसं तिला वाचता येत. रूपेशचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. प्रणिताचा हलत नव्हता. शेजारी उभे असलेले हरिभाऊ पुटपुटले, "हत्ती सातव्या घरात गेला का संपला तो. तिले दिसलं हाय. आता फक्त चालायचं."

घड्याळ प्रणिताच्या बाजूचं चालू होतं. तिनं हात उचलला.

तेवढ्यात कमलाला दिसलं, प्रणिताचा राजा घराच्या रेघेवर तिरका उभा होता. गजांवर तिचीच बोटं वळवळली. आणि आत प्रणिताचा हात हत्तीकडे जाता जाता वळला, राजाला चिमटीत धरलं, घराच्या मधोमध सरळ ठेवलं.

शाबास, कमला मनात म्हणाली.

हरिभाऊंच्या तोंडून नुसता श्वास गेला. रूपेशनं घड्याळ थांबवून हात वर केला होता.

पंच आले. सभागृह शांत होतं, सगळं बाहेर ऐकू येत होतं.

"राजा को हाथ लगाया?"

"सीधा कर रही थी, सर."

"पहले 'ॲडजस्ट' बोला था?"

प्रणितानं रूपेशकडं पाहिलं. मग पटाकडं. खोटं बोलली असती तर एकाचं म्हणणं दुसऱ्याविरुद्ध उरलं असतं.

"नहीं बोला."

"फिर राजा ही चलेगा."

ज्या सोंगटीला हात लावला तीच चालवायची. सरळ करायची असेल तर आधी तसं म्हणायचं. हा नियम हरिभाऊंनी पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. पण व्हरांड्यात प्रणिता सोंगट्या सरळ करायची तेव्हा म्हातारा कानाडोळा करायचा. पोरीची टापटीप त्याला आवडायची.

हत्ती जिथल्या तिथं राहिला. राजा एक घर सरकला. त्या एका चालीच्या सवडीत रूपेशचा वजीर आत घुसला. नवव्या चालीला प्रणितावर मात झाली. तिनं हात मिळवला, कागदावर सही केली, आणि बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात चार-पाच मुलं उभी होती.

"अरे, घर सजाने आई थी क्या?"

"झाडू भी मार देती."

"ए ॲडजस्ट!" लांबून तिसरा ओरडला आणि सगळे हसले.

कमला वळली. रुळावर असती तर एका हाकेत सगळे गप्प झाले असते. पण प्रणितानं तिचा हात धरला आणि फाटकापर्यंत ओढत नेलं. फाटकाशी शामराव स्कूटर घेऊन थांबले होते. चहाला घरी न्यायला आले होते. काय झालं ते त्यांना कुणीतरी सांगितलंच होतं.

"झालं ना?" ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, सुटका होती. "हौस फिटली. आता अभ्यास."

प्रणिता म्हणाली, "हो काका. मी नाही खेळत आता."

कमलाला वाटलं, पायाखालची गिट्टी सरकली. शामरावांशी ती भांडू शकत होती. त्यासाठी दोन वर्षं मनात वाक्यं जुळवत होती. पण पोरगीच नाही म्हणाली तर भांडायचं कुणाशी?

रविवारी कमलाचा रेस्ट होता. तरी चार-वीसला उठली. चौथी फेरी दहाला होती, मेमू आठ-चाळीसची. सहा वाजता तिनं पट जमिनीवर मांडला आणि प्रणिताला उठवलं.

"कालचा डाव दाखव."

"आई, नको ना."

"दाखव. मले समजून घ्यायचा हाय."

प्रणितानं चाली लिहिलेला कागद काढला आणि रागारागानं दाखवल्या. राजा हलला तिथं थांबली. "इथं मेला डाव."

"पुढं."

"पुढं काय? मेला म्हटलं ना."

"नऊ चाली लिव्हल्या हायेत पुढं. मेलेल्याच्या कोणी लिव्हते का? दाखव."

शेवटपर्यंत दाखवून झाल्यावर कमलानं पट फिरवला. पांढऱ्याची बाजू आपल्याकडं, काळ्याची प्रणिताकडं.

"आता त्याच्या बाजूनं."

"कावून?"

"जातानाचा रूळ पाह्यला. आता येतानाचा पाहू."

प्रणितानं सुस्कारा टाकला, पण चालवू लागली. रूपेशच्या बाजूनं. राजा हलल्यानंतर चौथ्या चालीला तिचा हात थांबला. ती खाली वाकली. बराच वेळ तशीच.

"काय दिसलं?"

"माझा उंट मागं आला असता तर याचा वजीर अडकत होता." ती हळू बोलली. "हा भेला असन इथं. मी पाह्यलंच नाही. मी तेव्हा रडू येऊ नाही म्हणून छताकडं पाहून राहिली होती."

"म्हणजे राजाला हात लागला ती एक चूक. अन् छताकडं पाह्यलं ती दुसरी. पहिली माझी. मी शिकवलेली. दुसरी तुझी."

प्रणिता चालींच्या कागदाची घडी घालू लागली. कमलाला वाटलं, झालं, आता उठेल, केस विंचरेल. सव्वासात झाले. साडेसात. कमलानं डबा भरला, पोरीचे बूट दाराशी ठेवले.

"चल. गाडी जाईल."

"नाही येत."

"उंट दिसला ना तुले?"

"दिसला. माझंच चुकलं, मान्य हाय." प्रणितानं पाय पोटाशी घेतले. "पण मी तिथं एकलीच हाय, आई. हॉलमधून बाहेर आलं का सगळे पाह्यतात. जिकलं तरी, हारलं तरी. त्या दोन लहान्या पोरी आईच्या मांडीवर बसतात. मी कुठं बसू? पोट्ट्यायचं काय, एकाले चिडवलं तर बाजूले चार त्याचे असतात. माझ्या बाजूले कोण?"

आपण आहोत खिडकीत, असं कमलाला म्हणावंसं वाटलं. पण खिडकीबाहेरचं माणूस हॉलात धरत नाहीत.

आठ-चाळीसची मेमू गेली. तिचा आवाज क्वार्टरमध्ये स्पष्ट येतो. दोघींनी ऐकला. त्या दिवशीच्या तिन्ही फेऱ्या प्रणिता न खेळता हरली, आणि संध्याकाळी तिनं पट कपाटावर टाकला. सुटकेसच्या मागं, हात पोचणार नाही असा.

सोमवारी ड्युटी संपवून कमला हरिभाऊंच्या व्हरांड्यात गेली. चेहऱ्यावर रुळावरची धूळ तशीच होती.

"एका जणाले शिकायचं हाय," ती म्हणाली.

"पोरगी?"

"बाई."

"किती वर्षांची?"

"बेचाळीस. मी."

हरिभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कायले?"

"तुम्हीच म्हटलं होतं, एकल्या पडून सुटतात. तर दुसरी पाहिजे ना कोणी."

म्हाताऱ्यानं पटावरच्या सोंगट्या डब्यात भरल्या. मग म्हणाला, "जिकाले नाही जमणार. सांगून ठेवतो."

"बसाले जमन का?"

"ते मेहनतीवर हाय. उद्या साडेतीन. साडेतीन म्हणजे साडेतीन."

दुसऱ्या दिवशी ती तीन-पंचवीसला दारात होती.

दहा आठवडे. दोनला बीट सुटायची, साडेतीनला व्हरांडा. आजूबाजूला तिच्या मुलीच्या वयाचे मुलगे. पहिले चार दिवस ते खाली पाहून हसले, पाचव्या दिवशी कंटाळले. कमलाचा हात जड होता. डाव उघडण्याच्या चाली पाठ होत नसत. घोडा तिला शेवटपर्यंत दगा देई. पण एक डाव हरला की ती दुसरा मांडी, दुसरा हरला की तिसरा. तिला सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. सोंगटी तिरकी दिसली की तिचा हात जाई, आणि हरिभाऊ तीन बोटांचा हात टेबलावर आपटत.

"बोला आधी!"

"ॲडजस्ट," ती पुटपुटे.

"ऐकू नाही आलं. समोरच्याले ऐकू गेलं पाहिजे. रुळावर गाडी आली का अशाच बोलता का?"

मग ती रुळावरच्या आवाजात बोले, आणि गल्लीतलं कुत्रं उठून जाई. यावर म्हातारा एकदाही हसला नाही. आपण कानाडोळा केला होता हे तो विसरला नव्हता.

घरी ती प्लास्टिकचा दुसरा पट मांडून बसे. प्रणिता पटाकडं न पाहता समोरून जाई, येई. डिसेंबरच्या शेवटी एकदा पाणी प्यायला उठली आणि जाता जाता म्हणाली, "घोडा तसा नाही जात."

"मंग कसा?"

प्रणितानं दाखवलं नाही. पण त्या दिवशी ती अभ्यासाचं पुस्तक घेऊन त्याच खोलीत बसली.

जानेवारीत त्याच समाजभवनात पुन्हा स्पर्धा होती. कमलानं दोन दिवस रजा टाकली आणि आदल्या शुक्रवारी प्रणिताला सांगितलं.

"दोन नावं भरली हायेत. एक माझं, एक तुझं."

"मले न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. तू बस का नको बसू. ते तुझं. मी बसणार हाय."

"आई, सगळे हसतीन."

"हसू दे."

"तुले चाल झाल्यावर घड्याळ दाबायचं तरी ध्यानात राह्यते का?"

"चारदा विसरली काल."

प्रणितानं कपाळाला हात लावला. "मी येतो तुझ्यासंगं. नुसती येतो. बसणार नाही."

शनिवारी सकाळी सभागृहात बत्तीस टेबलं होती. या वेळी त्या दोन लहान मुलीही नव्हत्या. कमलाला शेवटचं टेबल मिळालं. प्रणिताचं नाव चौदाव्या टेबलावर होतं. तिच्या समोरचा खेळाडू येऊन बसला होता, तिची खुर्ची रिकामी होती. पंचांनी जाहीर केलं, "आधे घंटे में जो नहीं बैठा, वो हारा." मग म्हणाले, "घड़ी चालू."

प्रणिताकडे पांढऱ्या सोंगट्या होत्या. समोरच्यानं बटण दाबलं, आणि रिकाम्या खुर्चीच्या बाजूचे आकडे उतरू लागले.

कमलाला तिच्या जागेवरून ते घड्याळ दिसत होतं. खिडकीही दिसत होती. गजांना धरून प्रणिता उभी होती, नोव्हेंबरात ती स्वतः उभी होती तिथंच.

कमलासमोर भय्याजी म्हणून दुर्गचे एक पेन्शनर होते. पांढरा सदरा, कानात अत्तराचा बोळा, प्रत्येक स्पर्धेत हजर. परका वडीलधारा पुरुष, आणि ती त्याच्यासमोर खुर्चीवर. तिचा पाय आपोआप मागं गेला, जणू पाट शोधत होता. तिनं तो टेबलाखाली टेकवला आणि पदर खोचला.

आता पुढचं गणित तिला स्पष्ट होतं. ती हरणार होती. हरली की नियमानं उठून बाहेर जायचं. ती उठली की त्या हॉलात एकही बाई उरत नव्हती, आणि प्रणिताला पुन्हा त्याच हॉलात एकटीनं शिरायचं होतं. म्हणून अर्धा तास तरी हरायचं नव्हतं. तेवढंच काम.

सहाव्या चालीला तिचा घोडा गेला. नऊ मिनिटं झाली होती. पुढच्या चालीला तिनं हात मांडीखाली घेतले आणि पटाकडं पाहत राहिली. काय चालायचं ते ठरलं होतं. तरी पाहत राहिली. हरिभाऊंनी सांगितलं होतं, आपलं घड्याळ आपल्या मालकीचं असतं.

भय्याजींनी घसा साफ केला. बोटं वाजवली. मग खाली वाकून हळूच म्हणाले, "बाई, गाड़ी छूट जाएगी."

"छूटने दो," कमला म्हणाली. "रोजच जातात."

पंचांनी डोळे वटारले. दोघं गप्प झाले.

चौदा मिनिटं. तिचं एक प्यादं गेलं. अठरा मिनिटं. उंट धोक्यात होता आणि तो वाचवायचा कसा ते तिला खरंच दिसत नव्हतं. चौदाव्या टेबलावरचा मुलगा उठून चहा पिऊन आला होता. रिकाम्या खुर्चीपुढचे आकडे पाहून त्यानं शेजाऱ्याला डोळा मारला. खिडकीत प्रणिता होती. आत येण्याचं चिन्ह नव्हतं.

एकविसाव्या मिनिटाला कमलाचा उंट गेला. भय्याजींनी तो उचलताना त्यांच्या बाहीचा धक्का लागला आणि तिचा हत्ती घराच्या कोपऱ्यात तिरका झाला. पाळी तिची होती. तिचा हात सुटला. पुढं गेला. हत्तीच्या डोक्यापासून बोटभर अंतरावर आला. खिडकीत प्रणितानं गज आवळले. कमलाला दिसलं.

हात तिथंच थांबला.

"ॲडजस्ट!"

आवाज रुळावरचा होता. पुढच्या टेबलावरच्या एकाच्या हातून प्यादं पडलं. बत्तीस टेबलांवरची डोकी वळली. मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं. हाच शब्द ते दोन महिन्यांपूर्वी व्हरांड्यात ओरडले होते. कमलानं हत्ती उचलला, घराच्या मधोमध ठेवला, जरा मागं होऊन पाहिलं, पुन्हा केसभर सरकवला. घाई केली नाही. मग भय्याजींना म्हणाली, "माफ करा. वाकडा होता."

"मेरे कान गए," भय्याजी म्हणाले. पण त्यांनी आपलाही एक उंट पाहिला, तो तिरका होता, आणि त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी खाकरून तसंच म्हणून तो सरळ केला.

कमलानं खिडकीकडं पाहिलं. खिडकी रिकामी होती.

गेली पोरगी. आईनं लाज आणली म्हणून फाटकाबाहेर गेली. चोवीस मिनिटं. तिनं प्याद्याला हात घातला, चालवलं, घड्याळ दाबलं. डोळ्यांसमोर पट नव्हता. सव्वीस. तेवढ्यात आठवलं, छताकडं पाहायचं नाही. तिनं नजर खाली ओढून आणली आणि हत्ती मोजले. एक आहे, दोन आहेत. राजा झाकलेला आहे. अजून बसता येतं.

अठ्ठावीस.

दारातून चपलांचा आवाज आला. कमलानं मान वर केली नाही. भय्याजींचा वजीर तिच्या राजासमोर होता आणि या एका चालीवर अजून पाच मिनिटं बसायचं की नाही ते ठरत होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बारीक, स्वच्छ, समोरच्याला ऐकू जाईल असा आवाज.

"ॲडजस्ट."

प्रणिता आपल्या सोंगट्या सरळ करत होती. एकेक. हत्ती, घोडा, उंट, मग आठही प्यादी. घड्याळ तिचंच चालू होतं, अर्धा तास आधीच गेला होता, तरी तिनं एकही सोडली नाही. समोरच्यानं तोंड वाकडं केलं. मग तिनं वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि बटण दाबलं.

त्यानंतर अकरा मिनिटांनी कमला हरली. हात मिळवला, सही केली, दाराशी गेली. चौदाव्या टेबलाजवळून जाताना पोरीकडं पाहिलं नाही. बाहेर हरिभाऊ बाकावर बसले होते.

"किती बसल्या?"

"एकेचाळीस मिनटं."

"उंट कावून सोडला?"

"दिसला नाही."

"दिसाले पाहिजे होता," म्हातारा म्हणाला आणि थर्मासमधला चहा तिच्या हाती दिला.

त्या दोन दिवसांत कमला पाच फेऱ्या हरली. एका फेरीचा गुण मिळाला, तोही समोर कोणी आलं नाही म्हणून. प्रणिता पहिला डाव हरली, वेळ पुरला नाही. नंतरचे चार जिंकली, एक बरोबरीत सुटला. बक्षीस मिळालं नाही. व्हरांड्यात एकदा एकानं "ए ॲडजस्ट" म्हटलं, तेव्हा मायलेकी दोघींनी एकदमच वळून "काय?" विचारलं. तो मुलगा पाणी प्यायला गेला.

रविवारी दुपारी शामराव आले होते. किती वेळ खिडकीशी उभे होते कुणास ठाऊक. कमला बाहेर आली तेव्हा तिनं सवयीनं पदर सावरला. बसायला व्हरांड्यात एक खुर्ची आणि एक पायरी होती. ती पायरीकडं वळली.

"खुर्चीवर बसा, प्रणिताची आई," शामराव दुसरीकडं पाहत म्हणाले. "आत बसून राहिल्या ना दोन दिवस? अन् पाचव्या डावात तुमचा हत्ती फुकटचा गेला. मले इथून दिसत होतं."

"तुम्हाले खेळता येते, भाऊजी?"

"लहानपणी नरेश अन् मी खेळायचो." ते स्कूटरची किल्ली चाचपू लागले. "चला. चहा घ्या घरी."

सोमवारी कमला चार-वीसला उठली. बीट संपवून साडेतीनच्या आत व्हरांड्यात गेली. प्रणिता आधीच तिथं होती, समोर पट मांडून. त्यानंतर कमलानं एक काम केलं. दर दोन दिवसांनी ती पॉवर हाऊस स्टेशनकडच्या उन्नतीच्या घरी जाऊन बसू लागली. पहिल्यांदा उन्नतीच्या आईनं चहा दिला. दुसऱ्यांदा म्हणाली, पोरीला वेळ नाही. तिसऱ्यांदा विचारलं, "तिथं दुसऱ्या कोणी हायेत का पोरी?"

"दोन हायेत," कमला म्हणाली. "एक मी."

मार्चच्या स्पर्धेची नावं पगाराच्या दुसऱ्या दिवशी द्यायची होती. कमलानं फॉर्म भरले, अक्षर सरळ ठेवून, आणि नोंदणीच्या खिडकीतून तीन प्रवेश फी दिल्या. तिसरी उन्नतीची होती.